भाकरी, कापूस आणि पॅड : एका लांब साखळीची गोष्ट

आपल्या जालना जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बायांना बोंडाची पारख शिकवावी लागत नाही. पण तो धागा कशाचा बनलेला असतो? आज आपण हे बोलू, कारण त्याचा संबंध पाळीच्या कापडाशी आणि पॅडशी आहे.

कापसाच्या धाग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. ग्लुकोज साखरेचे हजारो बारीक कण एकापुढे एक जोडले, की ही साखळी तयार होते. ज्वारीच्या पिठातला स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी, फक्त कड्या वेगळ्या तऱ्हेनं अडकवलेल्या. म्हणून भाकरी आपल्याला पचते, कडबा पचत नाही. गाईला पचतो, कारण तिच्या पोटातले जिवाणू त्या कड्या तोडतात. अशा लांब साखळीला पॉलिमर म्हणतात. जर्मनीच्या हर्मन स्टाउडिंगर यांनी १९२० साली हे मांडलं, तेव्हा अनेक रसायनतज्ज्ञांना ते पटलं नाही. १९५३ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

पाळीसाठी आपल्या आज्या-पणज्यांनी जुनं लुगडं फाडून वापरलं. परदेशात पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला लाकडाच्या लगद्याचा कापूस आला. हेही सेल्युलोजच. तिथल्या परिचारिकांनी तो पाळीतही वापरला आणि १९२० साली अमेरिकेत त्याचे पॅड विकायला आले.

पुढे माणसानं तेल आणि वायूपासून नव्या साखळ्या बनवल्या. १९३३ साली इंग्लंडमध्ये एका प्रयोगात अचानक मेणासारखा पांढरा पदार्थ हाती लागला. ते पॉलिथिन. अमेरिकेत १९७० च्या दशकात सरकारी शेती-प्रयोगशाळेनं मक्याच्या स्टार्चपासून पाणी धरून ठेवणारा पॉलिमर बनवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनंही 'जलशक्ती' नावाचा असा पॉलिमर तयार केला. कोरडवाहू मातीत ओल टिकावी, हा त्यामागचा विचार होता.

त्याच जातीचे दाणे आज अनेक पॅडमध्ये असतात. ते शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषतात आणि फुगून जेल होतात. एखादं कोरं पॅड फाडून दाण्यांवर पाणी टाका, मग मीठ घाला. जेल पाणी सोडू लागेल. रक्तातही क्षार असतात, म्हणून पॅडची ताकद पाण्याइतकी चालत नाही. ते वेळेवर बदलावंच लागतं.

८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना तेव्हा ५ रुपयांत आठ पॅड मिळायचे, आणि विक्री बचत गटांमार्फत व्हायची. पॅड गावात पोचवायचं काम बायांनी केलं. पण वापरलेलं पॅड जातं कुठं?

कापसाचं कापड मातीत गेलं, तर जिवाणू त्याची साखळी तोडतात. पॉलिथिनची साखळी त्यांना तोडता येत नाही, ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. उकिरड्यावरून कुत्री पॅड ओढतात, संडासात टाकलं तर पाईप तुंबतो, उघड्यावर जाळलं तर विषारी धूर चुलीजवळच्या बाईच्याच छातीत जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं. पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते, आणि अनेक खेड्यांत कचऱ्याची गाडीच येत नाही.

कापड वापरणाऱ्या बाईला कुणी मागासलेली म्हणू नये. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड चांगलंच असतं. मात्र लाजेपोटी ते अंधाऱ्या कोपऱ्यात वाळतं, तिथं दुखणं सुरू होतं. आणि पॅड वापरणारीनं ते कागदात गुंडाळून वेगळं ठेवावं.

वेगळं ठेवलेलं पुढे कुणी न्यायचं, हा प्रश्न एकट्या बाईचा नाही, गावाचा आहे. पुढच्या महिला ग्रामसभेत नळ आणि रेशनच्या जोडीला हा विषयही आपण मोठ्यानं मांडू.