पहिल्या आज्ञेची कथा

संगणकाच्या इतिहासावर बोलू लागले की वक्ते बहुधा त्याच्या वेगाचे आणि स्मृतीचे आकडे सांगतात. श्रोत्यांना अचंबा वाटतो, पण अचंब्यापलीकडे हाती फारसे लागत नाही. आज आपण ती वाट सोडून एक साधा प्रश्न घेऊ. निजलेल्या यंत्राला जागे कोण करते?

प्रश्न पोरकट वाटेल. परंतु ज्या घरात लॅपटॉप आहे त्या घरावर तो केव्हा ना केव्हा येतोच. यंत्र मंद चालते म्हणून कोणी त्याला ‘रीसेट’ची आज्ञा देतो, म्हणजे जुनी मांडणी मोडून तीच पुन्हा कोरी करकरीत मांडायला सांगतो. काम अर्ध्यावर तुटते. मग पडद्यावर एकतर काळोख, नाहीतर तासन् तास फिरणारे एक वर्तुळ. घरातली मंडळी निदान करून मोकळी होतात की यंत्र गेले. मुलाचा प्रबंध, लग्नाची छायाचित्रे, दुकानाचा हिशेब, सारे त्याच्याबरोबर गेले असे धरून चालतात. आमचे सांगणे असे की, पुष्कळदा यंत्र जिवंत असते. त्याच्या जागे होण्याच्या जिन्यातली एखादी पायरी तेवढी निखळलेली असते. ती कोणती हे कळण्यासाठी तो जिना कसा बांधला गेला ते पाहिले पाहिजे.

मूळ पेच असा आहे. संगणक आज्ञावलीवाचून काही करीत नाही. आज्ञावली चालायची तर ती आधी स्मृतीत आली पाहिजे. आणि तिला स्मृतीत आणायचे तर ते कामही एखाद्या आज्ञावलीनेच करायचे! आपल्या घरच्या बायकांना हा पेच नवा नाही. दूध कितीही चांगले असो, दही लावायला आधीचे चमचाभर दही लागते. सगळे दही खाऊन बसलेल्या घराला शेजारी वाटी घेऊन जावे लागते. इंग्रजीत, आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याचा एक गमतीदार वाक्प्रचार आहे. त्या पट्ट्यांवरून या क्रियेला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणू लागले, आणि पुढे त्याचे झिजून ‘बूट’ झाले.

आरंभीच्या यंत्रांत हे विरजण माणसाच्या हातात होते. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जगापुढे आलेल्या एनिॲकला नवे गणित घालायचे म्हणजे तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत, आणि त्यात दिवसच्या दिवस जात. १९४८ च्या २१ जूनला इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठातील लहानशा यंत्राने स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथम चालवून दाखविली. त्या स्मृतीत अवघे ३२ शब्द मावत, आणि तेही माणसाने खटके दाबून एकेक भरायचे. वीज गेली की स्मृती कोरी.

हा पेच नीटपणे सोडविला तो केंब्रिजकरांनी. मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली बांधलेले एडसॅक हे यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. त्याच्यासाठी डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने केवळ ३१ आज्ञांची एक मालिका रचली. दूरध्वनी केंद्रात वापरतात तशा फिरत्या खटक्यांवर ती तारांनी कायमची जोडून ठेवलेली होती. कळ दाबली की ती स्मृतीत उतरे, आणि मग भोके पाडलेली कागदी पट्टी वाचून पुढची सारी आज्ञावली आत घेई. यातली मख्खी ध्यानात घ्यावी. स्मृतीत उतरलेली प्रत पुसली गेली तरी तारांतली मूळ प्रत जागच्या जागी राही. यंत्रातले बाकी सगळे बदलायचे, पण जिथून आरंभ करायचा ती गोष्ट बदलाच्या कक्षेबाहेर ठेवायची, हे तत्त्व त्या ३१ आज्ञांत आहे. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे हे तत्त्व पाळण्याची, विसरण्याची आणि पुन्हा आठवण्याची आहेत.

विसरल्याचे फळ काय, ते १९७५ साली दिसले. त्या वर्षी हौशी लोकांसाठी आलेल्या आल्टेअर या यंत्रात कायमची पहिली आज्ञा नव्हतीच. दर वेळी पुढच्या फळीवरचे खटके खालीवर करून ती हाताने भरावी लागे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्या यंत्रासाठी बेसिक भाषा तयार केली. ती दाखविण्यासाठी ॲलन आल्बुकर्कला विमानाने निघाले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की ती यंत्रात शिरणार कशी, याची आज्ञावली लिहायची राहूनच गेली आहे. ती त्यांनी विमानात बसून लिहिली, आणि म्हणून पुढचे प्रात्यक्षिक पार पडले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकात व्हीलरचे तत्त्व पुन्हा ठामपणे बसविलेले दिसते. कळ दाबताच त्यातला प्रक्रियक एका ठरलेल्या पत्त्यावर जाई. तेथे पुसता न येणाऱ्या चिपमध्ये ‘बायोस’ नावाची आज्ञावली असे. हे नाव त्याआधी गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम प्रणालीत रूढ केले होते. बायोस आधी स्मृती आणि कळफलक तपासी, मग तबकडीवरचे पहिले ५१२ बाइट वाची आणि त्यांना खो देई. ते पुढच्याला खो देत. एका पायरीने दुसरीला उठवायचे आणि आपण बाजूला व्हायचे, अशी ही रीत. आजच्या लॅपटॉपातही रीत तीच आहे, फक्त पायऱ्या वाढल्या आहेत.

पुढे सोयीसाठी ही चिप जागेवरच पुन्हा लिहिता यावी अशी केली गेली. ज्या वाटेने दुरुस्ती आत येते त्याच वाटेने घातही येतो. सी.आय.एच. नावाचा एक घातकी प्रोग्राम २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला. डिस्कवरचा मजकूर तर त्याने नासलाच, शिवाय कित्येक यंत्रांतली ही पहिली आज्ञाच खोडून टाकली. त्यांतल्या बहुतेकांना चिप काढून नवी बसविण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता रीसेटकडे वळू. पूर्वी लॅपटॉपबरोबर तबकड्या मिळत, किंवा डिस्कच्या एका आडोशाला कारखान्यातली मूळ प्रत ठेवलेली असे. २०१२ साली विंडोज ८ मध्ये रीसेटची सोय प्रणालीतच आली. २०१५ च्या विंडोज १० ने आणखी एक पाऊल टाकले. जागा वाचावी म्हणून वेगळी मूळ प्रत ठेवणे सोडले आणि यंत्रावर वापरात असलेल्या फायलींतूनच नवी प्रणाली उभारायची असे ठरविले. दुरुस्तीची छोटी खोली डिस्कवर वेगळी राहिली, पण सामान मात्र मोडायच्या घरातलेच! त्या फायलींत बिघाड असेल, जागा अपुरी पडली, अथवा मध्येच वीज गेली, तर जुने मोडलेले आणि नवे न उभारलेले अशी त्रिशंकू अवस्था होते. २०२० पासून सामान इंटरनेटवरून आणण्याचा पर्याय मिळाला, तो या उणिवेवरचाच उपाय होय. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका मासिक सुधारणेमुळे कित्येक यंत्रांवर रीसेट फसू लागले, आणि काही दिवसांत कंपनीला वेगळी दुरुस्ती काढावी लागली.

याहून मोठा धडा १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे उठता उठता कोसळू लागली. आपल्याकडील विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांना द्यावे लागले. यंत्रे मेली होती काय? मुळीच नाही. पुष्कळ यंत्रांपाशी माणसाने जाऊन, ते ‘सेफ मोड’मध्ये उठवून, ती एक फाइल काढून टाकली की यंत्र पूर्ववत् चाले. अडले ते अधिक करून तेथे, जेथे डिस्क कुलूपबंद होती आणि ते उघडणारी ४८ अंकांची किल्ली कोणाला सापडत नव्हती.

या इतिहासातून दुरुस्तीचा क्रम आपोआप निघतो. जिना खालून चढावा. प्रथम वीज: चार्जर लावून, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरून सोडावी आणि पुन्हा चालू करावे. पडद्यावर बनविणाऱ्याचे नाव उमटले तर पहिली आज्ञा शाबूत आहे, आणि निम्मी भीती तेथेच संपली. नाव उमटत नसेल तर दोष रीसेटच्याही खालचा आहे, कारागीर गाठावा. मग यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर जाऊन डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर डिस्कच किंवा तिची जोडणी बिघडली आहे. तेथे आज्ञावलीचे उपाय व्यर्थ. दिसत असेल तर लागोपाठ दोनतीन वेळा उठणे फसल्यावर विंडोज बहुधा आपणहून दुरुस्तीची खोली उघडते. तेथील ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी करून पाहावे.

तेवढ्याने भागले नाही तर शेजारचे विरजण आणावे. दुसऱ्या चालू संगणकावर किमान ८ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर विंडोजची स्थापना-प्रत तयार करावी आणि आपले यंत्र तिच्यावरून उठवावे. मात्र नवी प्रणाली घालण्याची घाई करू नये. रीसेटने ज्या फायली अजून पुसलेल्या नसतील त्या आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हे आपल्याला जमत नसेल तर जाणत्याकडून करून घ्यावे, पण क्रम बदलू नये. प्रणाली पुन्हा मिळते. वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज पुन्हा मिळत नाही. आणि वर्तुळ फिरत आहे तोवर धीर धरावा. मोठ्या डिस्कवर रीसेटला काही तास लागू शकतात, आणि उतावळेपणाने वीज तोडल्याने अर्धे मोडलेले घर पूर्ण मोडते.

हे झाले संकट आल्यावरचे. व्हीलरने शिकविले ते संकटापूर्वीचे आहे: आरंभ जिथून करायचा ती वस्तू यंत्राबाहेर ठेवा. रीसेटची कळ दाबण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. फायलींची प्रत दुसरीकडे काढावी, उठविण्यायोग्य पेनड्राइव्ह करून ठेवावा, आणि डिस्कला कुलूप असेल तर त्या ४८ अंकी किल्लीचा आकडा कागदावर उतरवावा. तो कागद कपाटात ठेवावा. लॅपटॉपमध्येच नोंदवून ठेवला तर त्याचा उपयोग नाही.