सामासिक शब्दांचा उच्चार आणि अक्षरविभागणी (मराठी)

मराठी समासातली दोन पदे जोडून लिहिली, तरी बोलताना त्यांच्यातला सांधा बहुधा शाबूत राहतो. पहिले पद अकारान्त असेल, तर त्याच्या शेवटचा ‘अ’ उच्चारात लोपतो आणि अक्षर तिथेच संपते : घर्-काम्, लोक्-सभा. पदाच्या शेवटी जोडाक्षर असल्यास मात्र ‘अ’ टिकतो, जसे राष्ट्रगीत.

जालना एमआयडीसीत, सळया तयार करणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात, ट्रकचालकांच्या तोंडी सतत असणारा ‘वजनकाटा’ हा शब्द पाहावा. ‘वजन’ला प्रत्यय लागला की ‘ज’मधला ‘अ’ गळून ‘वज्-नाला’ असा उच्चार होतो. समासात तो गळत नाही, आपण ‘वजन्-काटा’ म्हणतो. हा फरक देवनागरी दाखवत नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याला आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकालाही तो वेगळा शिकवावाच लागतो.

नॉर्वेजियनमध्येही समास जोडून लिहितात व ओळीअखेर सांध्यावर तोडतात. तिथे मुख्य आघात सहसा पहिल्या पदावर असतो. मराठीत आघाताला एवढे महत्त्व नाही.

संधी झालेल्या तत्सम समासांत सांधा अक्षराच्या पोटात जातो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली; त्या व्यवसायातला ‘बीजोत्पादन’ हा शब्द बीज + उत्पादन असा सुटतो, उच्चारात मात्र बी-जोत्-पा-दन् असा पडतो. ‘ज’ पहिल्या पदाचा, त्याचा स्वर दुसऱ्या पदाशी झालेल्या संधीचा, आणि अक्षर एकच.