आभासी डेस्कटॉप

आभासी डेस्कटॉप ही संगणकाच्या एकाच पडद्यावर अनेक स्वतंत्र कार्यक्षेत्रे उपलब्ध करून देणारी सुविधा आहे. प्रत्येक कार्यक्षेत्रात खिडक्यांचा वेगळा संच असतो. कार्यक्षेत्र बदलले की आधीचा संच नजरेआड होतो. मात्र त्यातील कामे बंद पडत नाहीत. अनेक प्रणालींत या सुविधेची सांगड लाँचरशी, म्हणजे ॲप्लिकेशन सुरू करण्याच्या पट्टीशी किंवा यादीशी, घातलेली असते.

उगम

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड यांनी ‘रूम्स’ ही प्रणाली विकसित केली. तिच्यावरील शोधनिबंध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान पडद्यावर खिडक्या एकमेकींना झाकतात व हवी ती शोधण्यात वेळ जातो, हा मूळ प्रश्न होता. एका कामासाठी माणूस मोजक्याच खिडक्या वारंवार वापरतो. म्हणून प्रत्येक कामाला एक ‘खोली’ देण्यात आली. खोल्यांमध्ये ये-जा करण्यासाठी ‘दारे’, सर्वत्र दिसणाऱ्या खिडक्यांसाठी ‘खिसे’ आणि दुसऱ्या खोलीत सोबत न्यायच्या खिडक्यांसाठी ‘सामान’ अशी योजना होती.

प्रसार

युनिक्स संगणकांसाठी १९९३ मध्ये घोषित झालेल्या कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटमध्ये पडद्याच्या तळाशी एक पट्टी असे. तिच्या मध्यभागी चार कार्यक्षेत्रांची बटणे व दोन्ही बाजूंना ॲप्लिकेशनची चिन्हे होती. कार्यक्षेत्रांची नावे व संख्या वापरकर्त्याला बदलता येत असे. ॲपलने २००७ मध्ये ‘स्पेसेस’ या नावाने, तर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये ही सुविधा अंतर्भूत केली.

लाँचरची रचना

लिनक्सवरील ग्नोम, केडीई इत्यादी प्रणालींत प्रत्येक ॲप्लिकेशनची माहिती एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये असते. तीत नाव, चिन्ह, वर्गवारी व चालू करण्याची आज्ञा नोंदवलेली असते. नाव अनेक भाषांत देता येते. त्यामुळे मराठी अनुवाद उपलब्ध असल्यास मराठीत वापरल्या जाणाऱ्या संगणकावर ते मराठीत दिसते. वापरकर्त्याने स्वतःच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल ठेवल्यास मूळ फाइलऐवजी ती ग्राह्य धरली जाते.

रचनेतील प्रश्न

लाँचरमधील चिन्हावर टिचकी मारली असता ते ॲप्लिकेशन दुसऱ्या कार्यक्षेत्रात आधीच चालू असेल, तर तीन पर्याय उरतात: वापरकर्त्याला तेथे नेणे, ती खिडकी येथे आणणे किंवा नवी खिडकी उघडणे. कार्यक्षेत्रांची संख्या हा दुसरा प्रश्न होय. ग्नोम ३ (२०११) मध्ये शेवटी नेहमी एक रिकामे कार्यक्षेत्र राहते आणि मधले रिकामे झाल्यास नाहीसे होते. यामुळे पसारा टळतो. परंतु पुढील कार्यक्षेत्रांचे क्रमांक बदलतात. संख्या निश्चित ठेवल्यास काही कार्यक्षेत्रे विनावापर राहतात. मात्र कोणते काम कोठे आहे हे वापरकर्त्याच्या लक्षात राहते. म्हणूनच काही प्रणाली ही निवड वापरकर्त्यावर सोपवतात.