साठवलेल्या रक्ताची गोष्ट
आपल्या रिद्धपूरकडं गादी म्हटली की कापूस आठवतो, कॅलिफोर्नियात फोम. तिथल्या १९७५च्या अग्निसुरक्षा नियमामुळे फोममध्ये आग रोखणारी रसायनं घालू लागले. त्यातली पीबीडीई फोमला घट्ट चिकटून राहत नाहीत. ती धुळीत उतरतात आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून पोटात जातात.

१९९९-२००० मध्ये सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांतल्या गर्भवतींवर ‘चामाकोस’ अभ्यास सुरू झाला, तो मुख्यतः कीटकनाशकांसाठी. पण त्या मातांच्या रक्तात पीबीडीईही मोजली गेली. २०१३चा निष्कर्ष असा: आईच्या रक्तात प्रमाण जास्त, तर ५ ते ७ वर्षांच्या मुलांना लक्ष टिकवणं जास्त अवघड. हा संबंध झाला, कारण सिद्ध झालं असं नाही.

भारतानं २०१८च्या नियमांनी यातल्या काहींवर बंदी घातली.

म्हणून सांगतो, नमुने जपा. उद्याचा प्रश्न आज माहीत नसतो.