माराकानाचा विस्मृत पंच

१/ १६ जुलै १९५०, रिओ दि जानेरो. माराकाना स्टेडियमवर सुमारे दोन लाख प्रेक्षक. विश्वविजेता होण्यासाठी ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. या सामन्याचे नायक आणि खलनायक इतिहासाला पाठ आहेत. पंच मात्र कुणाला आठवत नाही. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ जॉर्ज रीडर. जन्म १८९६, इंग्लंडमधील ननीटन. पहिल्या महायुद्धानंतर ते एक्सेटर सिटी आणि साउदॅम्प्टन या व्यावसायिक क्लबांकडून खेळले. खेळाडू म्हणून फारसे नाव झाले नाही. पेशा शिक्षकाचा पत्करला आणि मैदानाशी नाते शिट्टीने जोडले.

३/ त्या विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना त्यांच्याकडेच होता आणि शेवटचाही. तेव्हा त्यांचे वय होते ५३ वर्षे २३६ दिवस. विश्वचषकातील सर्वांत वयस्क पंच म्हणून त्यांचीच नोंद आहे.

४/ त्या वर्षी ‘अंतिम सामना’ ठरलेलाच नव्हता. चार संघांच्या अंतिम गटातील ही शेवटची लढत योगायोगाने निर्णायक ठरली. ब्राझीलने स्वीडनला ७–१, स्पेनला ६–१ असे लोळवले होते. विजय गृहीतच होता.

५/ ४७व्या मिनिटाला फ्रियासाने गोल केला. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वरेला चेंडू उचलून ऑफसाइडची तक्रार करू लागला. त्याने दुभाषाही मागितला, असे सांगतात. हेतू एकच : वेळ काढून प्रेक्षकांचा जल्लोष थंड करणे. गोल मात्र कायम राहिला.

६/ ६६व्या मिनिटाला स्कियाफिनो, ७९व्या मिनिटाला गिजिया. उरुग्वे २, ब्राझील १. रीडर यांची शेवटची शिट्टी वाजली आणि स्टेडियम सुन्न झाले.

७/ शोकाकुल राष्ट्राला दोषी हवा असतो. परका पंच हे सर्वांत सोपे लक्ष्य होते. तरीही खापर फुटले ते कृष्णवर्णीय गोलरक्षक बार्बोसावर. २००० साली मृत्यू येईपर्यंत तो डाग त्याने वागवला.

८/ रीडर पुढे आपल्याच जुन्या क्लबचे, साउदॅम्प्टनचे अध्यक्ष झाले. १९७६ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील या संघाने बलाढ्य मँचेस्टर युनायटेडला १–० असे हरवून एफए चषक जिंकला. १९७८ मध्ये रीडर निवर्तले.

९/ साधनांतील मौन म्हणजे बहुधा उपेक्षा, असे आपण मानतो. इथे तेच मौन कामाची पावती आहे. बार्बोसाला विसरण्याचे भाग्य लाभले नाही. रीडर यांना ते लाभले, कारण त्या दिवशी त्यांनी भांडायला जागाच ठेवली नव्हती.