सुपा, जोयडा आणि कानडा

काळी नदीच्या खोऱ्यातील जोयडा तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो, त्याच्या नावाची कथा लांबची आहे. पोर्तुगीजांच्या मुखी 'कन्नड'मधील 'ड'चा 'र' होऊन 'कानरा' हे रूप झाले. इंग्रजी दप्तराने तेच रूढ केले. मराठीत 'उत्तर कानडा' असे लिहीत, बोलताना मात्र 'कारवार जिल्हा' म्हणत. १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबईकडे आलेला हा जिल्हा १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला व पुढे 'उत्तर कन्नड' झाला. तालुक्याचे पूर्वीचे नाव सुपा. ते गाव धरणाच्या पाण्यात बुडाले, कचेरी जोयड्यास गेली, लोक विखुरले. ज्या धरणाने सुपा बुडविले, त्या धरणालाच आज सुपा म्हणतात.