विकेट बाळूंच्या, कप्तानी दुसऱ्याची : संघ निवडतो कोण?

४ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारताचा महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून २-१ असा हरला. त्याच संध्याकाळी हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदना कटारियाच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले आणि नाच केला. कुटुंबीयांनी पोलिसात तक्रार दिली. त्या तक्रारीनुसार त्या लोकांचे म्हणणे असे होते, की संघात दलित मुली जास्त झाल्या, म्हणून संघ हरला.

चारच दिवस आधी, ३१ जुलैला, याच वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. तो सामना भारताने ४-३ असा जिंकला. म्हणजे तिचे तीन गोल वजा केले, तर उपांत्य सामन्याचा प्रश्नच उरत नाही. जिंकताना गोल देशाचे झाले आणि हरताना जात वंदनाची झाली.

आपल्याकडे चहाच्या टपरीवर, वसतिगृहाच्या खोलीत, मोबाइलवर रोज वाद चालतात. याला का घेतले, त्याला का बसवले, कप्तान कोण हवा, अमक्याची किंमत इतके कोटी का? वाद जरूर घाला, खेळावर प्रेम असलेला माणूस वाद घालणारच. पण या वादात एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. खेळाडूची किंमत ठरवण्याच्या खुर्चीवर बसलेय कोण? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या मैदानावर उभा राहिला होता. तो विचारणारी माणसे आपली होती. तो इतिहास आपल्या पोरांना माहीत नसेल, तर दोष आपलाही आहे.

चार रुपये पगार, आणि बॅट मिळायची नाही

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे मूळ कोकणातल्या पालवणचे, जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे मुले पुण्याच्या छावणीच्या आसपास वाढली. बाळू आधी पारशांच्या क्लबात तीन रुपये महिन्यावर खेळपट्टी झाडायला होते. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले, पगार चार रुपये. काम काय, तर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, टेनिस कोर्टावर पांढऱ्या रेघा मारायच्या. सरावाला साहेब आला की त्याला चेंडू टाकायचे.

जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज. तो रोज बाळूंना गोलंदाजी करायला लावी. बाद केले की दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डावखुरी फिरकी बाळूंनी अशी घोटून घोटून पक्की केली. पण इतक्या वर्षांत त्या क्लबात त्यांच्या हाती कधी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची आणि गोलंदाजी नोकरांची, हा तिथला नियम. गोऱ्यांच्या क्लबातही अशी वर्णव्यवस्था होतीच.

मग पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. बाळूंशिवाय ते शक्य नव्हते, म्हणून बाळूंना घेतले. मैदानात सगळ्यांनी तोच चेंडू हाताळला. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हिलियनमध्ये, आणि बाळू बाहेर, त्यांच्यासाठी मातीचे वेगळे भांडे. चेंडूला विटाळ नाही, कपाला मात्र आहे! चेंडूतून विकेट मिळते, कपातून काही मिळत नाही, हेच त्या सोवळ्याचे अर्थशास्त्र.

आकडे काय सांगतात

पुण्यात प्लेग आल्यानंतर बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. साऱ्या देशात गाजलेल्या त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता, आणि धाकटे बंधू शिवराम त्याच संघात होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ धर्माच्या हिशेबाने निवडलेला: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान. त्या पाच हिंदूंपैकी दोघे पालवणकर. दौऱ्यात २३ सामने झाले, संघाने जिंकले फक्त सहा. त्या पडझडीत बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीत त्यांच्या नावावर ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. आणि ही नोंद सुरू होते तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकले होते. त्याआधीची सगळी वर्षे रोलर आणि जाळीच्या खात्यावर जमा आहेत.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर.

मग कप्तान का नाही?

आता मुद्द्यावर येऊ. १९१० पासून पुढे दहा वर्षे बाळू हे हिंदू संघातले सर्वात ज्येष्ठ आणि सर्वात सिद्ध खेळाडू होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे भाऊही संघात आले. १९१३ मध्ये चौघे भाऊ एकाच संघातून खेळले. दरवर्षी कप्तानीसाठी बाळूंचे नाव चर्चेत यायचे आणि दरवर्षी मागे पडायचे. एम. डी. पै हे सारस्वत ब्राह्मण कप्तान होते. त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले, की या पदावर खरा हक्क बाळूंचा आहे. तरीही समितीला पाझर फुटला नाही.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत कडेलोट झाला. पै आजारी पडले. समितीने पुण्याचे दि. ब. देवधर यांना कप्तान केले आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर चांगले फलंदाज होते, पुढे त्यांनी मोठे नाव कमावले. प्रश्न त्यांच्या खेळाचा नव्हता. विठ्ठल आणि शिवराम त्यांच्याहून अनुभवी असताना त्यांना डावलले, कारण जात, हा प्रश्न होता. दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू लोकांपुढे मांडली. त्यांनी हातापाया पडून विनवणी केली नाही. आमच्याशिवाय जिंकून दाखवा, एवढेच जणू सांगितले.

मित्रांनो, हा संप होता. महाडच्या चवदार तळ्याच्या सात वर्षे आधीचा.

आणि तो लागू पडला. वर्तमानपत्रांतून, प्रेक्षकांतून दबाव आला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, बाळूंना उपकप्तान केले गेले आणि दोघे भाऊ पुन्हा संघात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. आयुष्यभराच्या विकेटांची किंमत किती? सामन्यातला थोडा वेळ!

१९२३ मध्ये अखेर विठ्ठल पालवणकर कप्तान झाले. निकाल बघा. १९२३, १९२५ आणि १९२६, चार वर्षांत तीनदा हिंदू संघ विजेता. अस्पृश्य कप्तान झाला म्हणून संघ बुडाला नाही, उलट जिंकू लागला. १९२३ च्या विजयानंतर सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. ज्याच्या भावाला आत बसून चहा पिऊ दिला नव्हता, त्याला खांद्यावर घेतले!

'निवडीत जात कशाला आणता?'

हा प्रश्न हमखास येतो. म्हणतात, निवड समितीचा मनमानी कारभार सगळ्यांच्याच वाट्याला येतो. खरे आहे. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले बघा. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या कप्तानीखाली भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, ३२ वर्षांनी. परत आल्यावर पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी धनराजसह अनेक खेळाडू बाहेर! कारण विश्रांतीचे सांगितले गेले. खेळाडूंच्या हक्काच्या पैशांबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा आहे, हे लोकांनी ओळखले.

म्हणजे सोन्याचे पदकसुद्धा समितीपुढे कमी पडते. पण फरक समजून घ्या. धनराजला बोलल्याबद्दल बाहेर बसवले, आणि तो संघात परतला. बाळूंना बोलल्याबद्दल नव्हे, जन्मल्याबद्दल डावलले. बोलण्यावर तडजोड होऊ शकते, जन्मावर कशी होणार? वंदनाच्या घरासमोर नाचणाऱ्यांनी तिचा पास चुकला, असे म्हटल्याचे तक्रारीत नाही. तक्रारीत जात आहे.

बाळूही चुकले, आणि ते का चुकले

आपल्या चळवळीत बाळूंचे नाव घेतले की काही जण तोंड फिरवतात. कारण १९३२ मध्ये एम. सी. राजा यांच्याबरोबर बाळू संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे गांधींच्या बाजूला उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने खुद्द बाबासाहेबांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

हे लपवायचे कारण नाही, आणि यावरून बाळूंना शिव्या घालायचेही कारण नाही. यातून शिकायचे आहे. बाळूंना चार भल्या सवर्णांचा अनुभव होता. पैंसारखा कप्तान होता, बाजू घेणारे पत्रकार होते, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक होते. त्यांना वाटले असेल, समजूत घातली, गुण दाखवले, थोडी वाट पाहिली, की दार उघडते. बाबासाहेबांनी तीच पंचवीस वर्षे पाहिली आणि वेगळा निष्कर्ष काढला. दार उघडेल, पण ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्या मर्जीने, त्याच्या सोयीच्या दिवशी आणि त्याच्या आवडीच्या माणसासाठी.

स्वतंत्र मतदारसंघाची मागणी म्हणजे दुसरे काय होते? आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू, एवढेच. जागा राखीव ठेवून निवडणारे हात बहुसंख्याकांचे ठेवले, तर समाजाला हवा असलेला माणूस मागे पडतो आणि त्यांना चालणारा पुढे येतो. १९३७ मध्ये काँग्रेसने बाळूंना नेमके याच हिशेबाने उचलले. ज्यांना हिंदू जिमखान्याने कधी कप्तान केले नाही, त्यांना बाबासाहेबांना पाडायच्या वेळी मात्र पुढे केले! बाळूंच्या दोन्ही निवडी दुसऱ्यांनीच केल्या, मैदानावरची आणि राजकारणातलीही. त्यांच्या आयुष्याची शोकांतिका ही आहे.

धाराशिवचे मैदान

हे सगळे मुंबई-पुण्याचे झाले, आपल्या धाराशिवशी याचा काय संबंध? फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले होते, महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी. वतन म्हणजे काय? काम गाव सांगणार, मोबदलाही गावच ठरवणार, आणि राबणाऱ्याने मुकाट घ्यायचे. बाळूंचे चार रुपये आणि वतनदाराचा भाकरतुकडा यांचा हिशेब एकच आहे. श्रमाची किंमत श्रम करणारा ठरवत नाही.

आज आपला जिल्हा खो-खोचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. इथल्या सारिका काळे हिच्या कप्तानीखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या महिला संघातही आपली अश्विनी शिंदे होती. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या मातीतून या मुली उठल्या, याचा अभिमान प्रत्येकाला वाटला पाहिजे.

पण अभिमानावर थांबू नका. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघात नाव येणे ही पहिली पायरी असते. ती चढल्याशिवाय राज्य नाही, आणि राज्याशिवाय पदक नाही. त्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात. म्हणजे यादीतले नाव हा नुसत्या मानाचा मामला नाही, पोटाचा आहे. परंड्याच्या किंवा उमरग्याच्या एखाद्या वस्तीतल्या पोरीचे नाव चाचणीनंतर गळले, तर तिच्यासोबत एक नोकरी गळते, एक घर गळते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर हजर राहा. कोणत्या निकषावर निवड झाली ते लेखी मागा. गुणांची यादी फलकावर लावायला सांगा. निवड समितीवर कोण आहेत, त्यांना कुणी नेमले, आपल्या वस्त्यांतला, मुलींच्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस तिथे आहे का, ते विचारा. आपल्यातले जुने खेळाडू, क्रीडाशिक्षक यांना संघटनांचे सभासद करा, निवडणुकीला उभे करा. आपली पोरे धावतील, याची चिंता नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या धावतच आली आहेत.

बाळूंनी आयुष्यभर विकेट घेतल्या आणि कप्तानीची वाट पाहिली. त्यांच्या भावांनी एकदाच माघार घेतली आणि तीन वर्षांत कप्तानी घरात आली. बाबासाहेबांनी त्याच्याही पुढचे सांगितले: निवडणारा हातच आपला करा. शंभर वर्षांनी रोशनाबादच्या गल्लीत तोच नाच होत असेल, तर ते काम अजून पुरे झालेले नाही.

पुढच्या वेळी टपरीवर 'संघात अमका का नाही?' असा वाद रंगला, की एवढेच विचारा : यादी लिहिणारा हात कुणाचा होता?

जय भीम!